दुल्हनचं कवच

मंजुषा : नाही वासिफभाई, मला पटत नाही. हे कासव उपाशी नव्हतं.

वासिफ : डॉक्टर मॅडम, कसम से सांगतो. गेल्या रमजानच्या आधी फूफी गेली, तेव्हापासून घराला कुलूप आहे. फूफी म्हणजे अब्बांची बहीण, तुमच्यात आत्या. आज सकाळी पहिल्यांदा उघडलं. चावी फिरेना, तेल घालावं लागलं. मागच्या अंगणात हौद आहे, तिकडं गेलो. म्हटलं, आत हाडं सापडतील. तर ही बाई दगडावर मान ताणून ऊन खात बसलेली!

मंजुषा : तुम्हाला बघून पाण्यात उडी नाही मारली?

वासिफ : हललीसुद्धा नाही. उलट मान वर करून बघायला लागली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

मंजुषा : म्हणजे माणसांची सवय आहे तिला. ती मोडली असती तर पावलं वाजल्याबरोबर बुडी मारली असती.

वासिफ : सवय कुणाची राहणार? आत चिटपाखरू नव्हतं.

मंजुषा : धरा जरा. असं नाही, दोन्ही बाजूंनी, ताट धरतो तसं. बोटं तोंडासमोर नेऊ नका म्हणजे झालं. आता अंगठ्यानं कवचाची कडा दाबून बघा.

वासिफ : दबत नाही. टणक आहे.

मंजुषा : उपाशी राहिलेल्या कासवाची कडा पुठ्ठ्यासारखी दबते. त्याला वर्ष लागत नाही, काही महिने पुरतात. खाण्यातून कॅल्शियम मिळालं नाही की ते स्वतःच्याच पाठीतून काढून वापरतं. आता इथं बघा, या खवल्यांच्या मध्ये फिकट रेघा दिसतात?

वासिफ : थांबा, चष्मा लावतो. सिटी चौकात माझंच चष्म्याचं दुकान, आणि मलाच दिसत नाही जवळचं. हौ, दिसल्या. पिवळट आहेत.

मंजुषा : ती नवी वाढ आहे. उपाशी पोटी कुणी वाढत नसतं.

वासिफ : मग असं झालं असेल बघा. शेजारी कडूबाईंचा शेवगा आहे, भिंतीवरून आमच्या अंगणात वाकलेला. पाला गळत असेल, ही खात असेल.

मंजुषा : शेवग्याचा पाला कासवाला उत्तम. मानलं. आणि पाणी? उन्हाळ्यात तुमचा हौद कोरडा पडला नाही?

वासिफ : फूफी नळ कधी बंद करायची नाही. तोटी हौदातच सोडलेली. पाण्याच्या दिवशी नळ आला की हौद भरत असेल आपोआप.

मंजुषा : आपोआप भरेल. आपोआप घासला कसा जाईल? साचलेल्या पाण्यातल्या कासवाची पाठ हिरवी होते, शेवाळानं बुळबुळीत. हिची बघा, मऊ ब्रशनं रोज कुणी पुसावी तशी आहे. आणि चोचीच्या कोपऱ्यात हे पांढरं काय आहे, सांगा.

वासिफ : चुना?

मंजुषा : समुद्रफेस. पांढरा, हलका, खडूसारखा असतो. शहागंजात अत्ताराच्या दुकानात मिळतो.

वासिफ : समंदर झाग! फूफी आणायची खरी.

मंजुषा : कासव तो कुरतडतं, त्यानं कवच घट्ट राहतं आणि चोचही वाढत नाही. पण समुद्रफेस शेवग्याला लागत नाही, वासिफभाई. कुणीतरी नेऊन ठेवावा लागतो.

वासिफ : मॅडम, तुम्ही मला उगाच घाबरवताय.

मंजुषा : मी कासव तपासतेय. घाबरताय तुम्ही. जरा उलटी करा तिला. फार वेळ नाही, जीव घाबरा होतो त्यांचा. पोट स्वच्छ. कुठे पांढरा डाग नाही, वास नाही. म्हणजे बसायला कोरडी जागा आहे आणि... थांबा. ही चीर.

वासिफ : काय झालं?

मंजुषा : या कडेला चीर आहे बघा, बुजवलेली. ही मी बुजवलीय. अहो, ही तर जमिलाबाईंची दुल्हन!

वासिफ : तुम्ही ओळखत होता फूफीला?

मंजुषा : म्हणजे त्या वारल्या? अरे देवा. मला माहीतच नाही हो. बरेच दिवस आल्या नाहीत, मला वाटलं कासव बरं आहे म्हणून येत नसतील.

वासिफ : आम्हाला कधी बोलली नाही ती, डॉक्टरकडं जाते म्हणून.

मंजुषा : रिक्षातून यायच्या, बादली मांडीवर आणि बादलीवर ओढणी. आत ही. हौदाच्या काठावरून पडली होती, म्हणून चीर. पण चिरेचं सोडा, सगळं कवचच भिजलेल्या पापडासारखं झालं होतं. मी विचारलं, खायला काय देता? तर म्हणाल्या, दुधात भिजवलेला पाव, आणि ताकद यावी म्हणून रोज पालक.

वासिफ : पालक तर चांगला असतो ना?

मंजुषा : तुम्हाआम्हाला. कासवाला रोज पालक दिला तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. आणि वरून रोज संध्याकाळी खोबरेल चोळायच्या पाठीला. तेलानं धूळ बसते, त्याखाली कवच सडतं. मी चांगली रागावले. तर मलाच म्हणाल्या, बेटा, दुल्हन आहे, चमकायला नको का?

वासिफ : तिनं स्वतः लग्न नाही केलं ना. अम्मी गेली तेव्हा मी आणि निलोफर एवढेएवढे होतो. आम्हाला वाढवता वाढवता राहून गेलं तिचं. मग हिलाच दुल्हन म्हणायची. नीलो चिडायची लहानपणी, माझ्यापेक्षा कासवाचे लाड जास्त म्हणून.

मंजुषा : मी सगळं नीट सांगितलं त्यांना. शेवगा, घोळ, लाल भोपळा, जास्वंदीची पानं. कधीमधी चिमूटभर सुकट. ऊन रोज, आणि तेही काचेतून नाही, उघड्यावरचं. पाठीचा पापुद्रा सुटायला लागला तर ओढायचा नाही, आपला आपण गळू द्यायचा. त्या मान डोलवायच्या, दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. बेटा, काय बोलली तू?

वासिफ : विसरायला लागली होती.

मंजुषा : मग मीच विचारलं, आजी, अशी कुठली गोष्ट आहे जी तुम्ही कधीच विसरत नाही? लगेच म्हणाल्या, पाण्याचा दिवस.

वासिफ : ते आपल्या गावात कोण विसरेल!

मंजुषा : म्हणून मी सगळं त्यालाच बांधून दिलं. नळ आला की हौद रिकामा करायचा, घासायचा, दुल्हनला ब्रश करायचा, समुद्रफेस बघायचा, नवा पाला टाकायचा. पाणी आलं की दुल्हन. एवढंच लक्षात ठेवा म्हटलं.

वासिफ : म्हणून! माझ्या मेव्हण्याच्या लग्नाला आली नाही ती. सगळे तयार, गाडी दारात, आणि ही म्हणते, आज पाणी आहे. बायको अजून बोलून दाखवते मला. आम्हाला काय माहीत, तुमचं औषध चाललंय.

मंजुषा : आणि चाललं ते. पुढच्या खेपेला कवच भरून आलं होतं. काय झालं हो त्यांना?

वासिफ : शेवटी शेवटी मलाही ओळखायची नाही. दारात उभा राहिलो की सलाम नाही, खैरियत नाही, एकच विचारायची, दुल्हनला ऊन दाखवलं का आज? मला राग यायचा, मॅडम. वाटायचं, पोटच्या पोरासारखा वाढवलास, आणि आता कासव तेवढं याद आहे. मग एक दिवस सकाळी निघून गेली. दार उघडं टाकून. सगळीकडं फिरलो. दर्गे, दवाखाने, बसस्टँड, काही ठेवलं नाही.

मंजुषा : मग?

वासिफ : मग पोलिसांचा फोन आला. करमाडच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक विहीर आहे, तिथं एक बाई सापडली. करमाडला नीलोचं सासर. म्हणजे तिच्याकडंच निघाली असणार. मी गेलो ओळख पटवायला. खूप दिवस पाण्यात होती. बोलले, चेहरा बघू नका, कळण्यासारखा राहिला नाही. चादरीतून हात बाहेर काढून दाखवला. बोटांच्या टोकांना मेहंदी होती. मी हो बोललो.

मंजुषा : बोटांवरून?

वासिफ : फूफीची बोटं बारा महिने लाल असायची, मॅडम. अंगणात मेहंदीचं झाड आहे. पाट्यावर वाटायची आणि त्याच बोटांनी हिच्या पाठीवर ठिपके द्यायची. एकेका खवल्यावर एक. हे काय, आहेत ना अजून.

मंजुषा : अजून?

वासिफ : हे बघा ना. लाल-लाल. प्रत्येकावर.

मंजुषा : मला वाटलं माती लागलीय. दिवा इकडे ओढा जरा. हे ठिपके शेवटचे कधी दिले होते त्यांनी?

वासिफ : जाण्याआधी. आणखी कधी देणार?

मंजुषा : नाही.

वासिफ : नाही म्हणजे?

मंजुषा : नीट ऐका. मी मघाशी म्हटलं ना, पाठीचा पापुद्रा गळतो. कांद्याच्या वरच्या सालीसारखा, पातळ. जोमानं वाढणारं कासव जुना पापुद्रा टाकतं आणि खालून नवा, कोरा येतो. हिनं तो पावसाळ्यानंतर टाकलाय. इथं कडेला शेवटचा तुकडा लोंबतोय, दिसला? फूफीचे ठिपके त्या पापुद्र्याबरोबर गेले, वासिफभाई. हे ठिपके नव्या पापुद्र्यावर आहेत.

वासिफ : मॅडम, ती तर तेव्हा...

मंजुषा : मी फक्त कवचावर जे दिसतं तेवढं सांगतेय. हे या हिवाळ्यात कुणीतरी दिलेत. घरात आत्ता कुणी आहे?

वासिफ : नीलो आहे. भाडेकरू येणार उद्या, म्हणून भांडी घासून बांधतेय. एकटीच आहे. लावतो फोन.

(वासिफ फोन स्पीकरवर ठेवतो.)

निलोफर : हां भाई, बोल. दुल्हन कशी हाय? मेली नाय ना रस्त्यात?

वासिफ : ठीक आहे. नीलो, डॉक्टर मॅडम ऐकतायत. मराठीत बोल.

निलोफर : मग? करमाडात दिवसभर मराठीच बोलते मी. सलाम, डॉक्टरबाई.

मंजुषा : नमस्कार. निलोफर, तुम्ही मधल्या काळात या घरी येत होता का? कासवाला खायला घालायला?

निलोफर : मी? चावी भाईकडं. आणि खरं सांगू का, मला वाटलं भाईनं दुल्हनला आपल्या घरी नेलं असंल. आज इथं बघितली तवा कळलं, त्याला वाटत होतं मी करमाडला नेली. दोघंबी असले बावळट. फूफीनं जीव लावलेलं जनावर, आणि आम्ही विसरलो.

वासिफ : नीलो, हौदाकडं जा जरा. तिथं समंदर झाग आहे का बघ.

निलोफर : आता? हात राखेनं भरलेत माझे. बरं, जाते. हां, हाय. दगडाच्या खाली पांढरा तुकडा हाय. कुरतडलाय चांगला. अजून एक हाय बाजूला, तो नवाच दिसतोय.

मंजुषा : नवा?

निलोफर : दातबी लागला नाय त्याला. आणि दगडावर भोपळ्याचं साल हाय. वाळलंय. भाई, हे भोपळ्याचं साल कुठून आलं?

वासिफ : मेहंदीचं झाड बघ.

निलोफर : तुला काय झालं रे? आवाज का असा?

वासिफ : बघ आधी.

निलोफर : झाडाला काय धाड भरलीय, चांगलं फुटलंय. खालच्या फांद्यांचा पाला ओरबाडलाय कुणीतरी. तोडलेल्या जागा ताज्याच दिसतायत अजून. आणि पाटा...

वासिफ : काय?

निलोफर : पाट्यावर मेहंदी वाळलीय, भाई. हे जुनं नाय. उघड्यावरचा पाटा, एवढा पाऊस झाला, धुऊन गेली असती. वरवंट्यावर बोटं उमटलीत.

मंजुषा : निलोफर, शेजारी कडूबाई आहेत का? त्यांना विचारता का, कुणी येतं का घरात?

निलोफर : आहेत की. भिंतीपल्याड भांडी घासतायत. थांबा. ओ कडूमावशी! व्हय, मीच, निलोफर. अहो जरा... काय? नाय, मी आजच आले. आजच. नाय हो मावशी, मी नव्हते ती.

वासिफ : काय म्हणतात?

निलोफर : भाई, ती विचारतीय, आज लवकर कशी आलीस? नळ तर अजून यायचाय.

वासिफ : म्हणजे?

निलोफर : म्हणती, पाण्याच्या दिवशी तूच येतीस ना, मागच्या बोळातून, बुरख्यात. हौद घासल्याचा आवाज येतो म्हणती. भिंतीवरून हाक मारली तर ओ देत नाय, म्हणून लई राग आला व्हता तिला माझा. सासरी जाऊन पोरगी मिजासखोर झाली म्हणून बोळात सांगत फिरतीय. भाई, मी नव्हते. अल्लाची शप्पत, मी नव्हते.

वासिफ : माहीत आहे मला. मागचं दार बघ. कुलूप घातलं तेव्हा मी स्वतः आतून कडी लावून पुढनं बाहेर पडलो होतो.

निलोफर : कडी निघालेली हाय. दार नुसतं लोटलंय.

वासिफ : ती कडी बाहेरून उघडत नाही.

निलोफर : उघडते की. विसरलास? फटीतून चमच्याची दांडी घालून वर उचलायची. फूफीला जमायचं. आपण दोघं किती उन्हाळे ते करत बसायचो बोळात, एकदाबी उघडली नाय.

मंजुषा : दुसऱ्या कुणाला माहीत होतं ते?

वासिफ : फूफीला. आणि आम्हा दोघांना, पण आम्हाला जमत नव्हतं.

निलोफर : भाई, एक विचारू?

वासिफ : नको विचारू.

निलोफर : आपण मिट्टी कुणाला दिली?

वासिफ : नीलो...

निलोफर : मी आंघोळ घातली ना तिला. वरूनच पाणी सोडा म्हणाल्या बायका, कापड काढू नको, तोंड बघू नको, तुला झेपायचं नाय. मी नाय बघितलं. तू बोलला फूफी हाय, मी फूफी समजून पाणी घातलं. त्या विहिरीवरून माझी बस जाते, भाई. दर खेपेला डोळे मिटून घेते मी. माझ्याकडं येत होती, माझ्यामुळं गेली, असं म्हणून म्हणून झोप गेली माझी. आणि ती इथं हौद घासत होती?

वासिफ : हात तसाच होता. मी काय करणार होतो? बोटं लाल होती.

निलोफर : आपल्या मोहल्ल्यात कुठल्या म्हातारीची बोटं लाल नसतात?

वासिफ : मला ते संपवायचं होतं, नीलो. दारोदार फोटो दाखवून थकलो होतो. हात दिसला आणि... मॅडम, मग ती विहिरीतली बाई कुणाची होती? तिच्या घरचे अजून फोटो घेऊन फिरत असतील कुठंतरी. आणि ती आमच्या अब्बांच्या बाजूला झोपलीय.

मंजुषा : पाणी प्या तुम्ही आधी. बसा. दुल्हनला माझ्याकडे द्या.

वासिफ : तुम्हाला काय वाटतं? जिवंत आहे ती? की... तुम्ही मानता का तसलं काही?

मंजुषा : आमच्या घरात भुताखेतांना लहानपणापासून बंदी. वडील विहारात पोरांना शिकवायचे. म्हणायचे, भूत दिसलं तर आधी त्याला पाणी विचारा, मग मला बोलवा. पण आता मीही घाबरलेय, खोटं कशाला बोलू? एवढं मात्र मी पाहिलंय. अशी विसरलेली माणसं नाव विसरतात, घराचा पत्ता विसरतात, पण हाताला लागलेलं काम विसरत नाहीत. कुठल्या तरी दर्ग्यात पडून असतील. मिळेल ते खात असतील. आणि नळ आला की पाय आपोआप इकडे वळत असतील.

निलोफर : आणि आम्ही, डॉक्टरबाई? आम्हाला वाढवलं तेबी हातानंच ना? माझी वेणी घातली, भाईची बटनं लावली. ते कसं विसरले तिचे हात?

मंजुषा : तुम्ही मोठे झालात. तुमचं काम संपलं त्यांच्या हाताचं. दुल्हनचं संपत नाही.

निलोफर : कासवाला ऊन मिळावं म्हणून येती. आमच्याकडं एक डाव आली नाय.

वासिफ : नीलो, रडू नको. मी निघतो. दुल्हनला घेऊन येतो. कडूबाईंना बोलावून घे घरात, आणि मागच्या दाराला कडी लाव आतून. लाव आधी.

निलोफर : लावली. कडूमावशी आत गेली वाटतं, ओ देत नाय. भाई, नळाची तोटी गुरगुरतीय.

मंजुषा : आज पाण्याचा दिवस आहे?

निलोफर : व्हय. नुसती हवा येतीय अजून. फसफसतंय. हां, आलं. गढूळ येतंय पहिलं.

वासिफ : मी रिक्षा बघतो. मॅडम, हिला बादलीत ठेवू की ओल्या फडक्यात?

मंजुषा : फडक्यात. पाणी हिंदकळतं. डोकं उघडं ठेवा. मी येते तुमच्याबरोबर, गाडी आहे माझी.

निलोफर : भाई.

वासिफ : निघालोच. फोन चालू ठेव.

निलोफर : मागच्या दारात कुणीतरी हाय.

वासिफ : कडूबाई असतील.

निलोफर : फटीतून चमचा आत आलाय, भाई.

वासिफ : नीलो, पुढच्या दारानं बाहेर पड. रस्त्यावर ये. आत्ताच्या आत्ता.

निलोफर : कडी वर उचलली जातीय. हळूहळू. अशीच उचलायची ती, वाजू द्यायची नाय, आम्ही झोपलेलो असायचो म्हणून.

वासिफ : बाहेर पड म्हणतो ना!

निलोफर : नाय. मागल्या खेपेला मी तोंड बघितलं नाय. आता मी कुठं जात नाय.

मंजुषा : निलोफर, ऐका. पुढे धावू नका. आहात तिथेच उभ्या राहा, त्या बिचकतील. काय दिसतंय ते सांगा फक्त.

निलोफर : बुरख्यात हाय. माझ्याकडं बघितलंबी नाय. सरळ हौदाकडं गेली. काठाला धरून खाली बसली. आत बघतीय. पाण्यात हात फिरवतीय. दगडाखाली शोधतीय.

वासिफ : फूफी आहे का? नीलो, फूफी आहे का?

निलोफर : हात दिसतायत. बोटं लाल हायत.

वासिफ : हात नको! चेहरा बघ. नकाब वर कर बोल तिला. चेहरा बघ आधी.

निलोफर : तू बघितला होता का, भाई?

मंजुषा : पाणी विचारा त्यांना. हळू आवाजात. दुल्हन डॉक्टरकडे गेलीय, येतेय परत, असं सांगा.

निलोफर : सांगितलं. माझ्याकडं वळली. काहीतरी बोलतीय. नळाच्या आवाजात कळंना नीट.

वासिफ : काय बोलतीय?

निलोफर : दुल्हनला ऊन दाखवलं का आज, विचारतीय.